सोबतीची मेंढी

मेंढी पुन्हा भिंतीला अंग घासत चालत होती. चारा समोर, पाणी समोर, पण ती डाव्या कुशीने भिंत चाचपत कोपऱ्यापर्यंत जायची आणि तिथेच थबकायची.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"परवापासून," शेडवाले काका म्हणाले. "आधी वाटलं, नखरे करतेय. लोकर कापल्यापासून दोघी रुसल्यासारख्याच होत्या. पण काल पाणी प्यायला गेली ती घमेल्यात नाही, घमेल्याच्या शेजारी तोंड घालून बसली."

मोडलेल्या हाडासाठी नवी प्लेट बनवणारा गट बाईंच्या हाताखाली होता. हाड जुळेपर्यंत ते धरून ठेवायचं आणि मग हळूहळू विरघळून जायचं, असा तो पदार्थ. पुन्हा पाय चिरून प्लेट काढायची भानगड नको. शेडच्या प्रत्येक कप्प्यात दोन मेंढ्या होत्या. निळ्या पट्ट्याच्या मेंढीच्या मागच्या पायात प्लेट बसवलेली. पांढऱ्या पट्ट्याची नुसती सोबतीला, कारण एकटी मेंढी चारा सोडते. सोबतिणींचं रक्त कुणी तपासत नसे.

भिंत घासणारीच्या गळ्यात निळा पट्टा होता. पांढऱ्या पट्ट्याची मजेत रवंथ करत होती.

"इतक्यात कुणाजवळ बोलू नका," बाई म्हणाल्या.

"मी कुणाजवळ बोलणार? बोललो तर यांच्याजवळच." काकांनी मेंढ्यांकडे हनुवटी उडवली. "आणि बाई, जरा झोप घ्या. मघाशी चौकटीला धडकलात."

झोप उडायला कारण होतं. तीच प्लेट बाईंच्या मुलाच्या मांडीत होती. तो सायकलवरून पडला, तेव्हा माणसांवर चाचणी करायची परवानगी नुकतीच मिळाली होती. सर्जन कचरत होते. बाईंनी पेन मागून घेऊन सही केली होती.

प्रयोगशाळेत त्यांच्या जुन्या वर्गमित्राने, गटातल्या रसायनतज्ज्ञाने, मुलाचा ताजा एक्स-रे दिव्यासमोर धरला.

"निम्मी गेली."

"काढून टाकता येईल?"

"काय काढणार? चहात विरघळलेली साखर चिमट्याने उचलायची?" तो हसला. बाई हसल्या नाहीत, तसं त्याने हसू आवरलं. "अगं, शरीर काही ठेवून घेत नाही. घामातून, श्वासातून सगळं बाहेर टाकतं. भाषणात तूच तर सांगतेस."

"मेंढीनेही टाकलंच असेल की."

त्याने एक्स-रे पाकिटात सरकवला.

संध्याकाळी बाई मुलाला चालायला घेऊन गेल्या. आधी त्याला पुढे चालायला लावलं. तो फरशीच्या एकाच रेघेवरून, हात पसरून, डोंबाऱ्यासारखा चालून दाखवू लागला. पाऊल कुठे चुकलं नाही. मग बाई त्याच्या बरोबरीने चालू लागल्या.

"आई, तू मला भिंतीला चेपतेयस."

"नीट चाल मग."

"मी नीटच चालतोय. तूच अंगावर येतेस."

त्यांनी त्याचा हात आणखी घट्ट धरला.

जेवताना त्यांची नजर टेबलाखाली त्याच्या पायाकडेच होती. "आई, पेल्यात ओत ना," तो म्हणाला, तेव्हा पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं. नंतर रोजच्यासारखा त्याचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी तेल चोळलं. गुदगुल्या होतात म्हणून तो खिदळत होता. ऑपरेशन झाल्यापासून तो त्यांच्याच कुशीत झोपायचा. पाय दुखतो ही सबब जुनी झाली होती, पण बाईंनी ती कधी खोडली नाही.

मेंढी त्याच आठवड्यात गेली.

शवविच्छेदनाच्या टेबलापाशी म्हातारे पशुवैद्य स्वतःशी पुटपुटत काम करत होते. मेंदू पाहून त्यांनी जिभेने चक् केलं. "लोण्यासारखा झालाय. चालत होती हेच नवल." मग सुरी बदलली. "हं, आता तुमची प्लेट बघू."

बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. आता कळणार होतं.

म्हाताऱ्यांनी हाड खरवडून स्वच्छ केलं. मेंढी उलटवून दुसरा पायही सोलला. चष्मा पुसला.

"प्लेट कुठल्या पायात म्हणालात?"

"मागच्या उजव्या."

"उजवा पाहिला. डावाही पाहिला. या मेंढीच्या हाडाला स्क्रूचं भोक कधी पडलेलंच नाही."

सगळे काकांकडे वळले. काकांचा चेहरा उतरला.

"लोकर कापताना पट्टे काढले होते," ते म्हणाले. "कापणाऱ्यांनीच परत अडकवले. लोकर गेली की सगळ्या सारख्याच दिसतात हो. माझ्याही ध्यानात आलं नाही."

"म्हणजे प्लेट दुसरीत आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि ती ठणठणीत आहे."

"ठणठणीत? धष्टपुष्ट झालीय."

बाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसून तोंड झाकून घेतलं. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते कळत नव्हतं. म्हातारे मात्र अजून मेंदूच्या ट्रेकडेच बघत होते.

"मग हिला काय झालं? ही दिवसभर करायची काय?"

"काही नाही," काका म्हणाले. "सोबत करायची. त्या प्लेटवालीला बिलगून बसायची, मिठासाठी तिचं अंग चाटायची. झोपायची तीसुद्धा तिच्या पाठीवर मान टाकून."

मुलाला फोन लावायला बाई उठल्या होत्या. लांबलचक बोळ रिकामा होता, चार माणसं शेजारी शेजारी चालतील इतका रुंद. दाराच्या उजेडात पोचून त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून मुलगा "आई?" म्हणाला, आणि त्याच वेळी त्यांचं लक्ष स्वतःच्या डाव्या बाहीकडे गेलं. खांद्यापासून कोपरापर्यंत तिला भिंतीचा चुना लागला होता.