मधली जागा

पुस्तकांच्या शेल्फवरच्या दोन स्पीकरांना मानवेल असा रिसीव्हर रत्नदीपला अखेर सापडला. आधीचा तापायचा, त्यावर आवाज फाटायचा. हा मात्र लावल्याबरोबर जुळला.

"पाह्य," तो बायकोला म्हणाला, "जोडी जमली का आवाज डावीकडूनही येत नाई, उजवीकडूनही नाई. मधात येऊन बसते."

अल्लीपुरातली रविवारची सकाळ होती. त्यानं आईची वंदना लावली. विहारात रेकॉर्ड केलेली. आई एक ओळ म्हणायची, मग सगळे तिच्या मागून म्हणायचे. त्यांच्या लग्नाआधीच आई गेली. जागृतीनं सासूला फक्त फोटोत पाहिलं होतं.

दोघं चटईवर बसून मागून म्हणू लागले. आवाज खरंच दोन स्पीकरांच्या मधल्या कोऱ्या भिंतीतून येत होता. बरं वाटत होतं.

तेवढ्यात दूध उतू गेलं. जागृती ओळ अर्धी सोडून धावली. गॅस बंद केला, ओटा पुसला, हात धुऊन आली.

आई थांबलेली होती. विहारातली माणसंही गप्प होती.

"तुमी बंद केलं का?"

रत्नदीपनं नाही म्हणून मान हलवली. रिसीव्हरवरचे वेळेचे आकडे पुढे सरकतच होते.

जागृतीनं बसून अर्धी राहिलेली ओळ पुरी केली. लगेच आईनं पुढची घेतली.

जागृती हसली. डोळे मिटून, म्हणता म्हणताच ती जराशी सरकली आणि दोघांच्या मधात तिनं एका माणसाची जागा केली.

त्यानंतरची ओळ तिथून आली.