रुग्णाला कळवले

कॉम्प्युटरवरची पट्टी लाल झाली तेव्हा सुरभी औषधं घेऊन गेलीसुद्धा होती.

भाग्यश्रीनं औषधाच्या खिडकीतून वाकून पाहिलं. बाकं भरलेली होती, पण ती चौथा महिना लागलेली पोर कुठंच दिसेना. नाव पुकारल्यावर आली होती, मान हलवून पुडकं घेतलं होतं आणि गर्दीत मिसळली होती.

भाग्यश्री खालापूरच्या अलीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. डॉक्टरांनी लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी तिच्या कॉम्प्युटरवर यायची. दिवाळीत बसवलेलं नवं सॉफ्टवेअर ती चिठ्ठी रुग्णाच्या आधीच्या औषधांशी ताडून बघायचं. काही खटकलं की वर लाल पट्टी. ही पट्टी उठसूट लाल व्हायची, म्हणून बाकीचे ती न वाचताच पुढं जायचे. भाग्यश्री वाचायची.

सुरभीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पण लग्नाआधीच्या नावानं नेरळच्या शाखेत तिची दुसरी नोंद होती, आणि सॉफ्टवेअरनं आता दोन्ही जोडल्या होत्या. तिला फिट यायच्या. गेल्याच महिन्यात तिच्या आईनं तिच्यासाठी फिटच्या गोळ्या नेल्या होत्या. पोटुशीला त्या चालत नाहीत.

भाग्यश्री तडक मोकल मॅडमच्या खोलीत गेली.

"विचारलं होतं गं मी तिला," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं काही औषध चालू आहे का म्हणून. नाही म्हणाली."

"एकटी होती?"

"नाही. सासू शेजारी बसलेली." मोकल मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सासरी सांगितलेलंच नाही."

"मग काय करायचं?"

"बोलावून घे. गोळी बदलून देऊ. पण तोवर आहे तीच घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. एकदम बंद केली तर बाळाआधी तीच जाईल. आणि हे बघ, जे बोलायचं ते तिच्याशीच. घरच्यांना कळता कामा नये. संसार मोडेल तिचा."

दुपारी गर्दी ओसरल्यावर भाग्यश्रीनं मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि नोंदीतला नंबर लावला. पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या.

"सुरभी बोलतेयस का?"

"हां. बोला तुमी." आवाज दबका होता.

"मी हॉस्पिटलातून भाग्यश्री. औषधाच्या खिडकीवर असते ती. आसपास कुणी आहे का?"

"थांबा." दार लोटल्याचा आवाज आला. कोंबड्या लांब गेल्या. "आता कोन नाय. बोला."

भाग्यश्रीला बरं वाटलं. पोर शहाणी होती.

"तुझ्या फिटच्या गोळ्यांबद्दल बोलायचंय."

पलीकडे कडी सरकली.

"घाबरू नकोस. मी कुणाला सांगणार नाही."

"कवापासूनचं दिसतंय तुमाला त्यात?"

"लग्नाच्या आधीपासूनचं. ते राहू दे. मी रागवायला फोन नाही केला. ऐक, त्या गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात. बाळात व्यंग राहू शकतं. डॉक्टर तुला दुसऱ्या देतील. सोमवारी ये. पण तोवर त्याच घ्यायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. गुलाबी गोळ्यांची पट्टी आहे ना, ती. लोहाच्या वेगळ्या."

"गुलाबी. बरं."

"विसरणार नाहीस ना?"

"नाय विसरनार."

भाग्यश्री जागेवर येऊन बसली. लाल पट्टीखाली एक चौकट होती, 'रुग्णाला कळवले'. तिनं त्यावर क्लिक केलं. पट्टी हिरवी झाली.

सोमवारी सुरभी आली नाही. भाग्यश्रीनं पुन्हा फोन केला.

"घरी पावनं हायत," तोच दबका आवाज म्हणाला. "येते या आठवड्यात."

"तुला बरं आहे ना?"

"काय काळजी करू नका तुमी."

त्याच आठवड्यात हॉस्पिटलची मीटिंग झाली. सॉफ्टवेअरवर एवढा खर्च करून उपयोग काय, असं एका विश्वस्तांनी विचारलं. मोकल मॅडमनी नाव न घेता सुरभीची गोष्ट सांगितली आणि भाग्यश्रीला उभं केलं. टाळ्या वाजल्या. भाग्यश्री लाजली, पण घरी जाताना तिला छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पळसदरीहून एक टेंपो थेट दारापर्यंत आला. मागच्या बाजूला सुरभीला गोधडीवर निजवलं होतं. तिचा नवरा मनोज तिचं डोकं मांडीवर धरून बसला होता आणि ते त्याच्या हातात राहत नव्हतं. पहाटेपासून फिट येत होती. एक थांबायची, शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू व्हायची.

इंजेक्शनं घेऊन भाग्यश्री स्वतः धावली. एक झालं, दुसरं झालं. मोकल मॅडम ओरडून आणखी मागत होत्या. सुरभीचे दात जिभेत रुतले होते. भाग्यश्रीनं तिचे पाय धरून ठेवले. पाय गार होते आणि थडथडत होते.

दुपारी मोकल मॅडम हातमोजे काढत बाहेर आल्या. त्यांनी मनोजच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

भाग्यश्रीला रडू येत नव्हतं. राग येत होता. तिला त्या मेलेल्या पोरीचाच राग येत होता. एवढं समजावून सांगितलं होतं, तिनं हो म्हटलं होतं.

बाकावर सासू बसली होती, चंद्राबाई. आल्यापासून तिनं तोंडात पदर कोंबला होता, एक शब्द काढला नव्हता. भाग्यश्री तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी, आता लपवून काय उपयोग? तिला आधीपासून फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या. बंद करू नकोस म्हणून मी स्वतः फोन करून सांगितलं होतं तिला. का बंद केल्या तिनं?"

चंद्राबाईनं तोंडातला पदर काढला.

"तिनं नाय केल्या," ती म्हणाली. "मीच टाकल्या चुलीत. तुमीच तर फोनवर सांगितलंत मला, पोराला बाधतात म्हनून."