कोरसपुरती दाढ

दवाखान्यात सात जण बसले होते आणि कोणाचाच दात दुखत नव्हता.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने गुडघा हलवायचा थांबवला की शेजारचा बँकवाला सुरू करायचा. बाक एकच होता, त्यामुळे सगळेच हलत होते. समोर पाटी होती : ‘अल्बमची चौकशी करू नये. दुखत असेल तरच बसावे.’

आत डॉक्टरबाई होत्या. ‘उरलेले लोक’ या बँडची गाणी त्याच बांधायच्या आणि गायच्याही. दोन अल्बम निघाले. तिसरा लवकरच येतोय असं त्यांनी जाहीर केलं आणि दवाखाना उघडला. त्याला सहा वर्षं झाली.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की काम करताना डॉक्टरबाई गुणगुणतात. आणि जे गुणगुणतात ते आधीच्या दोन्ही अल्बममध्ये नाही.

तेव्हापासून चाहत्यांचे दात भराभर किडायला लागले. बँकवाल्याने दोन फिलिंग करून घेतली, त्याला सुरुवातीची गिटार मिळाली. बालवाडीच्या बाईंनी रूट कॅनाल केलं. तीन खेपा, दोन कडवी. जोडून जोडून गाणं उभं राहिलं होतं. फक्त कोरस नव्हता. तिथवर पोचायच्या आत प्रत्येकाचं काम आटपत होतं.

“मोठं काहीतरी काढायला लागणार,” बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या. सगळ्यांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं होतं. त्याची एक अक्कलदाढ वाकडी होती. त्याने तिचा एक्स-रे चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायला नको होता.

पण त्यालाही घाई होती. लिफ्टमध्ये माणसं अडकली की तो बाहेर उभा राहून, पान्हा चालवत, त्यांना धीर यावा म्हणून दुसऱ्या अल्बममधलं चौथं गाणं म्हणायचा. परवा आतून एका आजोबांनी विचारलं होतं, “नवीन काही नाही का हो?”

आज कोरस मिळाला नाही तर दाढ फुकट जाणार होती. बाकीच्या तिन्ही सरळ होत्या.

“वाकड्या दाढेचा कोण?” काउंटरवरून डॉक्टरबाईंच्या आत्या म्हणाल्या.

“मी.”

“दुखतेय?”

“दुखेल.”

आत्यांनी नाव लिहून घेतलं. “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या पोरीचं भरतंय बाबा. जा आत.”

डॉक्टरबाईंनी तोंडात आरसा घातला. “ही काढलीच पाहिजे असं काही नाही.”

“ठेवलीच पाहिजे असंही नाही ना?”

“बँकवाल्याच्या ओळखीतला का तू?”

“कोण बँकवाला?”

त्यांनी सुई टोचली. आधी ओठ गेला, मग जीभ, मग गालाचा पत्ता लागेना. चिमटा दाढेला भिडला आणि डॉक्टरबाई गुणगुणायला लागल्या. गिटार. पहिलं कडवं. लिफ्टवाल्याचे पाय बुटातल्या बुटात ताल धरत होते. दुसरं कडवं. सूर चढला, डॉक्टरबाईंनी श्वास घेतला.

आणि परत गिटार.

दाढ चिवट होती. त्यांनी तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा त्याच श्वासाशी येऊन परत फिरल्या.

“फुये?” लिफ्टवाल्याने विचारलं.

उघड्या तोंडाची भाषा त्यांना येत होती. “पुढे नाहीये,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं इथेच अडकलंय.”

तेवढ्यात दाढ निघाली. त्यांनी ती वाटीत टाकली, टक् असा आवाज आला. “कापूस तासभर दाबून धर. बोलायचं नाही. आणि हे बाहेर तर मुळीच बोलायचं नाही.”

तो बाहेर आला. सहाच्या सहा जण उभे राहिले. बालवाडीच्या बाईंनी वही उघडली.

“मिळाला?” बँकवाल्याने विचारलं.

लिफ्टवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं. असे चेहरे त्याच्या ओळखीचे होते. दार सरकवलं की दोन मजल्यांच्या मध्ये हेच दिसायचे. आणि अडकलेल्या माणसाला लिफ्ट बंद पडलीय असं कधी सांगायचं नाही, हे त्याला कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

त्याने श्वास घेतला आणि गुणगुणायला सुरुवात केली.

काय गुणगुणतोय ते त्यालाही माहीत नव्हतं. जबड्याची एक बाजू बधिर होती, त्यामुळे प्रत्येक तिसरा सूर खाली घसरत होता. कापूस मध्ये यायचा तिथे एक सूर गिळलाच जायचा, आणि त्या रिकाम्या जागेवर बँकवाल्याचा बूट आपोआप आपटायचा. बालवाडीच्या बाईंचं पेन वहीवर टेकलं ते टेकलंच.

आत बेसिनचा नळ चालू होता. तो बंद झाला.

दार उघडलं. डॉक्टरबाईंच्या एका हाताला रबरी हातमोजा होता, दुसरा मोकळा. लिफ्टवाला गप्प झाला. आत्यांनी पाटीकडे बोट दाखवायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.

“परत म्हण,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याने गालाकडे बोट केलं आणि कापूस काढायला तोंड उघडलं.

“नको,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि स्टूल पुढे ओढून बसल्या. “कापूस राहू दे.”