लाल तारेवर काळी नळी

"कुठल्या गाढवानं जोडलंय हो हे?"

ड्रायव्हरबाईनं गाडी काउंटरवर ठेवली. गाडी म्हणजे रिमोटची, हातभर लांबीची. तिची पोटापाण्याची गाडी, चाळीस माणसं बसतील अशी बस, बाहेर कडेला उभी होती. "मागच्या आठवड्यात घेतली, वापरलेली. माझी नवीकोरी बॅटरी लावली आणि फुस्स! माझ्या बसनंसुद्धा एवढा धूर कधी काढला नाही."

काउंटरमागचे दुरुस्तीवाले मास्तर हसले. सोल्डर मारण्यात मास्तरांचा हात असा, की त्यांनी एकदा डासाचा तुटलेला पंखसुद्धा जोडून दिला होता. बरा झाल्यावर तो डास पहिल्यांदा त्यांनाच चावला. त्या चाव्याची खूण ते अजून गिऱ्हाइकांना दाखवतात.

"कंट्रोलर जळलाय, बदलावा लागेल. आणि गाढव कोण तेही सांगतो. तोवर बॅटरीचा प्लग निवडा." त्यांनी तीन मांडले. "हा लाल, स्वस्तातला, पण नुसत्या धाकानं वितळतो. हा निळा, तुमच्या बसलाही पुरेल. हा पिवळा. एका बाजूचे कोपरे कापलेत बघा, उलटा बसतच नाही."

"जुनाही पिवळाच आहे की! मग जळली कशी?"

"तारच उलटी जोडली, तर प्लग बिचारा काय करणार?"

मास्तरांनी गाडी पालथी केली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

लाल तार उण्याला. काळी अधिकाला. एवढं कुणीही चुकतं. पण सांधा झाकायला लाल तारेवर काळी प्लास्टिकची नळी चढवलेली होती आणि काळीवर लाल. असं जाणूनबुजून करणारी माणसं जगात दोनच.

पहिली गाडी मास्तरांनीच अशी उलटी जोडली होती. शेजारी बसून धाकट्या भावानं ते बघून घेतलं. चूक कळली तेव्हा दोघं पोट धरून हसले, आणि घरातल्या सगळ्या गाड्या, सगळ्या बॅटऱ्या उलट्याच करून टाकल्या. वर ही उलटी नळी, आपली खूण म्हणून. पुढे मास्तरांनी दुकान थाटलं, शहाणे झाले, आणि एकदा भरल्या दुकानात धाकट्याला म्हणाले, "हे गाढवाचं काम आता बंद कर." धाकटा हातातला प्लग खाली ठेवून गेला. त्याला बावीस वर्षं झाली. अंतर एका बसचं. दर रविवारी मास्तर त्याच्याकडे जायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि येऊन दुकान उघडायचे.

"ही ज्याची होती, त्यानं विकली?" मास्तरांनी विचारलं. "तो नाही विकणार."

"त्यांनी कुठली विकायला? मुलीकडून घेतली. वडील गेले ना तिचे, दोन महिने झाले. घर रिकामं करत होती बिचारी."

मास्तरांनी मान डोलावली. सोल्डरचं आयर्न उचललं, तापलं का बघायला टोकावर कथील टेकवलं. कथील वितळेना. बराच वेळ वितळेना.

"काका, बटण चालू नाहीये."

"हो, हो." त्यांनी बटण दाबलं. नव्या पिवळ्या प्लगमध्ये त्याचा जोडीदार घालून ठेवला, नाहीतर तापल्यावर पिना जागा सोडतात. मग जुन्या सांध्याला हात घातला. सांधा चकचकीत, भरीव, कुठे टोक नाही, कुठे फुगा नाही.

"काय सांधा मारलाय," ते म्हणाले.

"उलटा मारलाय!"

"शिकवणाराच उलटा होता, ताई. गाढव तो. ह्यानं नुसतं बघून केलं."

बाई खळखळून हसली. "अहो, असल्या डबाभर होत्या त्यांच्याकडे. प्लगच्या जोड्या, तारा लावून तयार, सगळ्या अशाच उलट्या. झाकणावर कागद चिकटवलेला, 'दादाला द्यायच्या'."

मास्तरांचा हात थांबला. "मग?"

"मग काय? मी मुलीला विचारलं, दादा कोण गं? ती म्हणाली, कोण जाणे, बाबांना तर भाऊच नव्हता. उलट्या जोड्या कुणाच्या कामाच्या? माझ्यासमोरच दिल्या भंगारवाल्याला."

मास्तरांनी लाल तार अधिकावर धरली, आयर्न टेकवलं. कथील पाण्यासारखं पसरलं. ओल्या सांध्यावर फुंकर मारायची नसते, आतून कच्चा राहतो, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून सांगत. त्यांनी फुंकर मारली. पुन्हा मारली.

"भाऊ नसणारच," ते म्हणाले. "असता, तर आला नसता?"