धुतलेली काठी

थोरलीने हौदाला कान लावला. आत सामसूम. मोड आलेल्या जवाचं गोड पाणी कालच भरलं होतं, काठीने ढवळलं होतं. एव्हाना सुरसुर ऐकू यायला हवी होती, फेस कडेवर चढायला हवा होता. पाणी आपलं डबक्यासारखं पडून होतं.

"आला का फेस?" सुनेने दारातूनच विचारलं. तिच्या काखेत उत्सवाचा फलक होता. बिअरचा हजारो वर्षांचा इतिहास, रंगीत चित्रांसकट. पुढच्या आठवड्यात लांबलांबून माणसं येणार होती, आणि सगळ्यात जुनी चव म्हणून याच हौदातली बिअर पाजायची होती.

थोरलीने भिंतीवरच्या काठीकडे पाहिलं. काठी चकचकीत होती, आणि तीच तर गोम होती. पाहुणे फोटो काढतील, काळीमिट्ट काठी चारचौघांत बरी दिसायची नाही, म्हणून तिने स्वतः ती सोडा घालून उकळली, घासली, वर तेल पाजलं. सासूच्या सासूपासून त्या काठीला कुणी फडकं लावलं नव्हतं. मागच्या हौदाचा गाळ तिच्या खाचांत वाळायचा आणि पुढच्या हौदाला जाग आणायचा. हे थोरलीला झोपेतसुद्धा माहीत होतं. तरी धुतली.

"पाकिटातलं यीस्ट टाकू या ना, आई. कुणाला कळतंय?"

"बिअर होईल गं. आपली नाही होणार."

काठी तशी अर्धीच होती. थोरलीचा नवरा आणि धाकटा दीर वेगळे झाले तेव्हा भांडी वाटली, पिंपं वाटली, आणि शेवटी काठीवर करवत चालवली. दोन्ही भाऊ मरून गेले. करवतीचा हट्ट मात्र त्यांच्या बायकांनी इमानाने सांभाळला. त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या.

थोरलीने चपला पायात सरकवल्या आणि मागच्या गल्लीत गेली.

धाकटी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलं, पण सुरी थांबवली नाही.

"वाट चुकलात का, जाऊबाई?"

"माझी काठी मेली."

"काठ्या मरत नाहीत. त्यांना मारावं लागतं. काय केलंत?"

"धुतली."

सुरी थांबली. धाकटी आधी नुसती बघत राहिली आणि मग जी हसत सुटली ती डोळ्यांना पदर लावूनच थांबली. थोरली उभीच. हसू दे, तिने मनाशी म्हटलं, हसण्यासारखंच केलंय मी.

"सासूबाई असत्या ना, तर त्याच काठीने सोलून काढलं असतं तुम्हाला!"

"दोघींना काढलं असतं. एका काठीच्या दोन कशा झाल्या, हे आधी विचारलं असतं."

धाकटीचं हसू विरलं. तिने हात पुसले आणि खुंटीवरून आपली अर्धी काठी काढली. काळी, चिकट, आंबूस वासाची. वर्षाकाठी घरापुरती दोन पिंपं करायची ती, तेवढ्यावर काठी जिती होती. थोरलीने हात पुढे केला.

"देणार नाही," धाकटी म्हणाली. "तुमचा काय भरवसा, हिलाही न्हाऊ घालाल. मीच येते."

हौदाशी फलक टेकून ठेवला होता. धाकटी त्याच्यासमोर थबकली. चित्रांत राजे होते, मठातले साधू होते, दाढीवाले कारखानदार होते. बाई एकही नव्हती. पेला भरून देणारीसुद्धा नाही. हजारो वर्षं बिअर बहुधा आपली आपणच होत होती.

"हे दाढीवाले कोण?"

"इतिहास," सून म्हणाली.

"यातल्या कुणी हौद ढवळला होता का कधी?" धाकटी थोरलीकडे वळली. "यांच्या पंगतीला बसवायची होती होय काठी? म्हणून आंघोळ!"

थोरलीने फलक उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

धाकटी ठेंगणी, तिच्या हातातली अर्धी काठी तळाला पोचत नव्हती. धाकटी स्टुलावर चढली आणि कमरेपर्यंत हौदात वाकली. थोरलीने तिची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"सोडू नका हं, जाऊबाई!"

"बुडवायचंच असतं तर इतकी वर्षं थांबले नसते. ढवळ तू."

दुपार सरली. दोघी उलट्या टोपल्यांवर बसून राहिल्या. करवत आणायचं कुणी सुचवलं यावरून त्यांचं एक भांडण झालं, जोरदार, अगदी नवंकोरं असल्यासारखं. ते मध्येच तुटलं. हौदातून आवाज आला होता. आधी बारीक, मग लोखंडी तव्यावर पाणी शिंपडावं तसा. थोरलीने झाकण सरकवलं. मधोमध पांढरा फेस जमला होता.

धाकटीने भिंतीवरची चकचकीत काठी काढली, त्या फेसात बुचकळली आणि दोन्ही काठ्या एकाच खुंटीला अडकवल्या. त्या ठिबकू लागल्या.

"अगं बाई, किती राडा!" म्हणत सून फडकं घेऊन धावली.

"हात लावू नकोस!" दोघी जावा एकदमच ओरडल्या.

सून जागीच थिजली. फडक्यावर एक थेंब पडला, मग दुसरा. चकचकीत काठीच्या खाचेत पहिला डाग धरला होता.