भोंग्याची निवड

खाणीत सुरुंग उडवण्याआधी इशाऱ्याचा भोंगा वाजवायचं काम तिच्याकडे होतं. जुना बंद पडला, तेव्हा मॅनेजरने मुठीत मावणारा स्वस्तातला आणला आणि ऑफिसात वाजवून दाखवला. “कान फाटले ना?” ती म्हणाली, “इथे फाटले. खाली दगड फोडायचं यंत्र धडधडत असतं, तिथे माझा भाऊ असतो.” “बाई, तुला यातलं काय कळतं?” “मग तुम्हीच यंत्रापाशी उभे राहा. ऐकू आलं की हात वर करा.” तो तोऱ्यात खाली उतरला. तिने कड्यावरून तीनदा वाजवला. तो कमरेवर हात ठेवून नुसताच उभा. शेवटी घामाघूम होऊन वर आला आणि खेकसला, “अगं, वाजव की!” तिने भोंगा त्याच्या खिशात कोंबला. “तीनदा वाजवला, साहेब. खरा सुरुंग असता तर तुम्हाला टोपलीत भरून आणावं लागलं असतं. दुसरा मी निवडते.”