घरमालकांचं ऑनलाइन शिबिर

लॉकडाऊनमध्ये घरमालकांसाठी ऑनलाइन कायदा-शिबिर भरलं. लाखनीच्या धनीरामकाकांना ते मोबाइलवर जोडता येईना, म्हणून त्यांनी भाडेकरू कीर्तीला हाक मारली. कीर्ती सरकारी दवाखान्यात नर्स. काका रोज सकाळी ‘बेटा, बेटा’ करत तिच्यापुढे बोट करायचे आणि ऑक्सिजन मोजून घ्यायचे. तिने शिबिर जोडून दिलं, माइक सुरू केला आणि ड्यूटीला निघाली.

ती उंबऱ्यात चपला घालत होती, तोच काकांनी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

"साहेब, माह्या घरी भाड्यानं नर्स राह्यते. घरात कोरोना आनन ते! तिले आजच बाहेर काढाचं असन त कोनतं कलम लागते? हॅलो, माहा आवाज येऊन राहिला का?"

कीर्तीला त्या रोजच्या बोटाची शिसारी आली.



"येऊन राहिला, काका," ती दारातूनच म्हणाली. "साफ येऊन राहिला."